लाइट जायच्या आत

दादाचा हात लाइटीच्या बोर्डाला चिकटला होता आणि दादा ओरडत नव्हता. मला म्हणूनच आधी काही कळलं नाही. शॉक लागला की माणूस ओरडतो असं मला वाटायचं. दादाचं तोंड उघडं होतं, मान मागे ताणली होती, पायाची बोटं नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर आखडली होती, आणि त्याच्या अंगातून एक बारीक गुरगुर येत होती. दादाचा विद्यार्थी सायसिंग टीव्हीसमोरून उठला आणि आपल्या सरांना ओढायला धावला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी किंचाळली, "शिवू नको त्यासले! कोनी शिवू नका!" वहिनीला सातवा महिना होता. खाली बसली की उठायला तिला माझा हात लागायचा. त्या वेळी ती उठली कशी ते मला दिसलं नाही. जेवायला बसायचा सागवानी पाट तिने दोन्ही हातांनी धरला आणि कुऱ्हाड घालावी तसा दादाच्या मनगटावर घातला. हात सुटला नाही. पुन्हा घातला तेव्हा तुराटी मोडल्यासारखा आवाज झाला आणि दादा भिंतीला घासत खाली आला. मी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारात उभी होते. मला काही सुचलं नव्हतं. वहिनीला सुचलं, तेवढं पुरलं.

रिक्षात वहिनीला मांडी अशी उरलीच नव्हती, म्हणून दादाचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. त्याच्या तळहाताला करपलेल्या पापडासारखा वास येत होता. सायसिंग पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा बाहेर लोंबकळत बसला होता आणि दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होता. सरकारी दवाखान्याच्या वळणावर दादाने डोळे उघडले आणि विचारलं, "सायसिंगचा प्रोग्राम गेला का?"

वहिनी म्हणाली, "गया. तुम्हीबी त्याना मांगे निंघेल व्हतात."

मी चौथी शिकले. तापीच्या काठाला, सारंगखेड्याच्या पलीकडे आमचं गाव. चौथीनंतर मी शेतात गेले आणि दादा शिकायला नंदुरबारला गेला. तो तिथेच शाळेत विज्ञान शिकवायला लागला. वहिनीची आधीची दोन पोटं राहिली नव्हती. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मायने मला एसटीत बसवलं, सोबत दादर ज्वारीचं पोतं दिलं आणि सांगितलं, "तिले पानीनी घागर उचलू देऊ नको." मी एवढ्या एका कामासाठी गेले होते. बाकीचं सगळं नंतर गळ्यात पडलं.

घर म्हणजे पुढची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत दादाचा क्लास चालायचा. टेबलावर काळा-पांढरा टीव्ही, त्याला जोडलेला बटणांचा चपटा डबा आणि शेजारी टेपरेकॉर्डर. त्या चपट्या डब्यालाच कॉम्प्युटर म्हणत. दादाने तो सुरतेहून रेल्वेने मांडीवर धरून आणला होता आणि गल्लीतली माणसं आठवडाभर येऊन पाहून गेली होती. शेजारची भिंत पिठाच्या चक्कीची. चक्कीचा पट्टा सुरू झाला की आमच्या फडताळातल्या पितळी वाट्या वाजायच्या आणि टीव्हीतली अक्षरं कडेने आकसायची. बाजाराकडून वारा आला की मिरचीचा खकाणा घरात यायचा. मग क्लासची पोरं शिंकत शिंकत बटणं मारायची आणि दादा म्हणायचा, "शिंकून घ्या आधी, मग हात लावा." मी आत भाकरी थापत असायचे. पुढच्या खोलीत दादा पुस्तकातल्या मराठीत बोलायचा आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की आमच्या अहिराणीत. तो कुठे उभा आहे ते न बघता नुसत्या बोलण्यावरून कळायचं.

आता लाइटीचं सांगते, कारण सगळं त्यामुळेच झालं. आमच्या गल्लीत लाइट सगळी एकदम जायची नाही. एक फेज जायचा, दुसरा राहायचा. समोरच्या घरात बल्ब लागलेला आणि आमच्याकडे अंधार, किंवा उलटं. म्हणून गल्लीतल्या बहुतेक घरांत चक्कीवरून दुसऱ्या फेजची वायर ओढून घेतलेली होती. एकीकडची लाइट गेली की बोर्डावरचा फ्यूज उपसायचा आणि दुसऱ्या खाचेत बसवायचा. नियमात ते बसत नव्हतं. तरी बायका-माणसं सगळी करायची, कुकरचं झाकण बदलावं इतक्या सहज. कोणी लाकडी स्टुलावर उभं राहून करायचं, कोणी पायात चप्पल घालून. दादा घाईत असला की अनवाणीच धावायचा. आणि तो नेहमी घाईत असायचा.

घाई कसली, तर पोरांनी मारलेला प्रोग्राम जाऊ नये याची. त्या डब्याला स्वतःची आठवण नव्हती. लाइट गेली की तासभर मारलेलं सगळं पुसून जायचं. टेपवर साठवता यायचं, पण साठवायलाच इतका वेळ लागायचा आणि टेपमधून असा कर्कश आवाज निघायचा की चक्कीवाला भिंतीवर थापा मारायचा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ती टेपही वाया. त्यामुळे दादाचा सगळा भरवसा बोर्डावर होता. टीव्ही जरा मिणमिणला की तो खुर्चीतून उठायचा. काळोख झाला की बोर्डापाशी असायचा. खोलीतल्या पोरांचे हात बटणांवर तसेच थांबलेले, जणू त्यांनी हात धरून ठेवले तर अक्षरं जाणार नाहीत. मोजून पाहिलं तर लाइट जाण्याआधी फेज बदलणं कधीच जमत नव्हतं. गेली की गेलीच. तरी तो धावायचा, कारण कधी कधी व्होल्टेज नुसतं खाली यायचं, पूर्ण जायचं नाही, आणि तेवढ्यात पापणी लवायच्या आत फ्यूज बदलला तर एखाद्या वेळी प्रोग्राम वाचायचा. असं फार क्वचित झालं होतं. पण झालं होतं.

दादाने पुस्तकही लिहिलं होतं. मिळायची ती पुस्तकं इंग्रजी, म्हणून त्याने मराठीत लिहिलं आणि रशीदचाचाच्या छापखान्यात छापून घेतलं. रशीदचाचा लग्नाच्या पत्रिका आणि मिरचीच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं छापायचा. त्याने हे पुस्तक बिलबुकासारखंच केलं. कडेने दोन तारा ठोकल्या आणि वर रंगीत कागद चिकटवला. ते पुस्तक उघडं ठेवलं की आपोआप मिटायचं. पोरं एका हाताने पान दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने बटणं शोधायची. मला ते बघवेना म्हणून मी वरवंटा धुऊन आणून दिला. तो पानावर ठेवायचा. पहिल्याच दिवशी पानाला ठेच्याचा वास लागला आणि दादा माझ्यावर ओरडला, पण वरवंटा राहिला.

त्या पुस्तकात एकच मोठं काम होतं, शाळेचं निकालपत्रक. दुसऱ्या धड्यात ते सुरू व्हायचं आणि पुढच्या प्रत्येक धड्यात त्याला शेपूट जोडत जायचं. पाचवा धडा चालवायचा तर आधीच्या सगळ्या धड्यांचं मारावं लागायचं. दादाला त्याचा फार अभिमान होता. तो म्हणायचा, पोरांना खऱ्या कामाची सवय लागली पाहिजे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की पोर खुर्चीत बसलं की तास होतो, तासात चक्की एकदा तरी सुरू होते, आणि दादा उठतो. मी भाकरी थापताना कान तिकडे ठेवायचे. पट्ट्याचा आवाज आला की हात थांबायचे. वहिनीचेही थांबायचे. आम्ही एकमेकींकडे बघायचो नाही.

सायसिंग डोंगरातल्या काठी गावाकडचा. परगावच्या होस्टेलवर राहून मास्तरकीचं शिकत होता. अंगाने थोराड, बोलायला कमी. आमच्याशी बोलताना शाळेतली मराठी सावकाश, एकेक शब्द तपासून बोलायचा. होस्टेलवर कॉम्प्युटर कसला, धड टेबल नव्हतं. तो पुस्तकातला प्रोग्राम पाठ करून यायचा, कवितेसारखा. शॉक लागला त्या दिवशी त्याचं निकालपत्रक संपत आलं होतं. शेवटचं पान राहिलं होतं. मी फरशी पुसून नुकतीच आत गेले होते. चक्की सुरू झाली, अक्षरं आकसली, दादा उठला. पाय ओल्या फरशीवर, हाताला घाम. त्याने फ्यूज उपसला, दुसऱ्या खाचेत बसवताना बोट आतल्या पत्र्याला लागलं. पुढचं वर सांगितलं आहे.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, मनगटाचं हाड जुळेल, हाताची दोन बोटं बहुतेक सरळ होणार नाहीत, आणि मुख्य म्हणजे हृदयाला पुन्हा असा झटका बसता कामा नये. हे सांगून तो वहिनीकडे वळला, कारण वहिनीचं पोट दगडासारखं कडक झालं होतं आणि ती बाकाची कड धरून उभी होती. तिला झोपवलं, नर्सने पोटाला नळी लावून ऐकलं. नळी सरकवून तिने पुन्हा ऐकलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मग ती म्हणाली, "आहे. ठोके आहेत. पण हिने पाट-बिट उचलायचा नाही आता." वहिनी झोपल्या झोपल्या म्हणाली, "ते त्यासले सांगा."

गल्लीत लोकांना चेष्टेला विषय झाला. चक्कीवाला दादाचं प्लास्टर बघून विचारायचा, "सर, वहिनीशी काय वाद झाला?" दादा हसायचा. आम्ही हसत नव्हतो. आठवडाभरात क्लास पुन्हा सुरू झाला. आणि पहिल्याच दिवशी लाइट गेली तेव्हा दादा उठला. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून डावा पुढे केला. मी बोर्डासमोर जाऊन उभी राहिले.

"सरक," दादा म्हणाला.

"नही सरकनार."

"सुमन, पोरं बघी ऱ्हायनात."

"बघू दे."

तेवढ्यात लाइट आली म्हणून ते तिथे थांबलं. पण मला कळून चुकलं की शॉकने त्याला काही शिकवलेलं नाही. वहिनीने वायरमनला बोलावून ती दुसरी वायर काढून टाकली. दादाने चार दिवसांत दुसऱ्या कोणाकडून पुन्हा ओढून घेतली. वहिनीने बोर्डाला लाकडी पेटी ठोकून घेतली आणि कुलूप लावून किल्ली ज्वारीच्या पिंपात टाकली. दादाने स्क्रू-ड्रायव्हरने कडी उचकटली. डाव्या हाताने. मी शेतात वाढलेली बाई, विहिरीवरच्या मोटरीने माणूस कसा जातो ते मला माहीत आहे. आमच्या शेजारच्या मळ्यातला गडी सकाळी न्याहारी करून गेला होता आणि दुपारी खाटेवर आला होता. मी रोज सकाळी दादाला चहा देताना त्याच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, आज का उद्या. आता माझं वय साठीच्या पुढे आहे. घरात इन्व्हर्टर आहे, लाइट गेलेली पंख्याला कळतही नाही. पण शेजारी कुठे मोटर सुरू झाली की अजून माझा हात चालता चालता थांबतो. सून विचारते काय झालं. मी हातातलं काम पुढे चालू करते.

त्या काळात मी दादाला हट्टी, वेडा असं सगळं म्हणत होते. तो वेडा नव्हता. सायसिंग एका रविवारी आला तेव्हा वहिनीने त्याला जेवायला थांबवून घेतलं. फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढी केली होती. दादा डाव्या हाताने जेवत होता, कढी हनुवटीवरून ओघळत होती. वहिनीने सरळ विषय काढला. सायसिंगसमोर.

"तुम्ही ते बोर्डले हात लावनं कधी सोडश्यात?"

दादा म्हणाला, "हाई पोऱ्या पहाटनी गाडी धरीसन येस. तास तास बठीसन मारस. अन एक चुटकीमा सगळं जास. माले बठवत नही. तुमले काय कळी?"

"माले इतलंच कळस, का तुम्ही मरश्यात आनि मी ऱ्हाई जासू."

वहिनीने त्याच्या पानात फुनका वाढला आणि म्हणाली, "मंग धडा लहान लिखा. लाइट जावाना आत व्हई इतलाच."

"प्रोग्राम काय लहान ऱ्हास? जगमा काम शे ते मोठंच ऱ्हास."

"जगमा ऱ्हाऊ द्या. आपली गल्लीमा लाइट जास."

सायसिंग मान खाली घालून जेवत होता. त्याला अहिराणी सगळी कळायची. त्याने हात ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "सर, राग मानू नका. मी आजपर्यंत तुमच्या पुस्तकातलं एकही उत्तर टीव्हीवर बघितलेलं नाही."

"म्हणजे?"

"प्रोग्राम सगळे पाठ आहेत. पण चालवून उत्तर आलेलं नाही बघितलं. शेवटपर्यंत जातच नाही. एकदा बघायचं आहे."

"तुझ्या होस्टेलवर कोणीच नाही बघितलं?"

"हिरामण म्हणतो त्याने बघितलं." सायसिंग जरा थांबला. "पण तो खोटं बोलतो."

वहिनीला हसू आलं. दादाला आलं नाही. त्याने पुढचं जेवण संपवलं, हात धुतले आणि पुस्तक घेऊन मधल्या खोलीत जाऊन बसला. क्लासला हाक मारली तरी उठला नाही. मी दोनदा डोकावून पाहिलं. बोर्डापाशी नाही एवढं बघितलं आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारली. "सुमन, आठे बठ." कॉम्प्युटरसमोरची खुर्ची त्याने ओढली होती.

"माले काय येस त्यामानं?"

"म्हनीसनच बठ."

तो पुस्तकातले धडे कापून लहान करत होता आणि कापलेला तुकडा खरंच लहान झाला का ते त्याला बघायचं होतं. पोरांना बसवून उपयोग नव्हता, ती पाठ करून आलेली. मला इंग्रजी अक्षरं बटणावर बघून ओळखायची, एवढंच. तो म्हणाला, "तुले जमनं म्हंजे कोनलेबी जमी." मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. पण बसले, कारण तो वेळ तो बोर्डाकडे न बघता माझ्याकडे बघायचा. वहिनीने स्टोव्हवर तुरीची डाळ चढवली आणि आतून सांगितलं, "डाळ शिजनी का सांगसू. त्यानाआत उत्तर दिसनं पाहिजे." घड्याळापेक्षा ते बरं होतं. घड्याळ लावलं असतं तर दादा मिनिटांवर वाद घालत बसला असता. डाळीशी वाद घालता येत नाही.

पहिल्या दिवशी डाळ शिजून, फोडणी देऊन, खाली उतरवून झाली तरी मी अर्ध्यावर होते. दादाने कागदावर रेघ मारली आणि प्रोग्राम आणखी कापला. दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. पुस्तकात एके ठिकाणी इंग्रजीत लिहिलं होतं की इथे तुमचं नाव घाला. मला ते इंग्रजी कळायचं कारण नाही. मी तेच इंग्रजी जसंच्या तसं एकेक अक्षर बघून मारलं. टीव्हीने तेच इंग्रजी माझं नाव समजून मला नमस्कार घातला. मी खूष, कारण काहीतरी आलं होतं. दादा पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला आणि म्हणाला, होस्टेलवरही सगळे असंच पाठ करत असतील. त्याने तिथे सरळ "सुमन" घातलं. पुढच्या सगळ्या धड्यांत खरी नावं आली. शिवाय त्याची सवय होती, दोन-तीन ओळी लिहून खाली सांगायचं की याचप्रमाणे पुढच्या ओळी लिहाव्यात. मी तिथे येऊन थांबले आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"थांबली काबर?"

"पुढल्या ओळी कोठे शेत?"

"त्या तू लिखाना शेत."

"माले येत असतं तं पुस्तक कसाले लागतं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याने त्या सगळ्या ओळी लिहून काढल्या. डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या.

असे आम्ही ते महिने काढले. प्रोग्राम एका पानात बसला पाहिजे, पान उलटायला लागता कामा नये. मध्ये समजावून सांगणं नको, जे सांगायचं ते आधी नाहीतर नंतर. प्रोग्रामच्या खाली उत्तर छापायचं, म्हणजे आपलं बरोबर आलं की नाही ते कळेल. आणि मागच्या धड्याची गरज नको, प्रत्येक धडा आपल्या पायावर उभा. या शेवटच्या गोष्टीवर दादा फार अडला. निकालपत्रक मोडायला त्याचा जीव धजत नव्हता. शेवटी त्याने त्याचे असे तुकडे केले की प्रत्येक तुकडा एकेकटा चालेल आणि ज्याच्या घरी लाइट टिकते त्याने ते जोडून घ्यावेत. त्यासाठी काही ओळी पुन्हा पुन्हा छापाव्या लागणार होत्या. रशीदचाचा ते ऐकून कपाळाला हात लावून बसला.

"सर, एकच ओळ इतने जगह? मेरी मानो, शादी का कार्ड छपवाओ. उसमें बत्ती नहीं जाती."

दादा म्हणाला, "चाचा, आणखी एक आहे. पुस्तक उघडं राहत नाही."

"कौन बोलता?"

मी पिशवीतून पुस्तक काढून त्याच्यासमोर उघडून ठेवलं. ते मिटलं. मी पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. चाचाने ते हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी दाबलं, तार उसवली आणि पानं सुटली. तो म्हणाला, "बेटी, तुम दुश्मनी करने आई हो." पण त्याने नव्या पुस्तकाच्या घड्या दोऱ्याने शिवून दिल्या, लग्नाच्या पत्रिकांची घाई बाजूला ठेवून. ते पुस्तक परातीसारखं पसरून राहायचं.

मधल्या काळात वहिनी बाळंत झाली. मुलगी झाली, अंगाने बारीक, आवाजाने मोठी. दादाचं प्लास्टर निघालं. दोन बोटं डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे वाकडीच राहिली. मला वाटायला हवं होतं की आता संपलं. मला तसं वाटत नव्हतं. प्रोग्राम लहान झाले होते ते माझ्यापुरते आणि कागदावर. लाइट गेली की दादाचे पाय काय करतील ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नसावं. त्या दिवसांत नेमकी लाइट टिकली. मी रोज वाट बघायचे की एकदाची जाऊ दे, आणि जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरायचे.

नवीन पुस्तक घेऊन सायसिंग बसला तो रविवार होता. मी उंबऱ्यात लसूण सोलत बसले होते, मुद्दाम, बोर्ड दिसेल अशी. त्याने पुस्तक उघडून ठेवलं आणि दोन्ही हातांनी मारायला लागला. निम्मं झालं असेल. चक्कीचा पट्टा सुरू झाला, वाट्या वाजल्या, अक्षरं आकसली. सायसिंगचा हात थांबला. लाइट गेली. पंखा फिरत फिरत मंद झाला. दादा खुर्चीतून उठला होता. मीही उठले होते, लसूण सगळा फरशीवर. आमच्यात टेबलाएवढं अंतर होतं आणि बोर्ड त्याला जवळ होता.

"बसा सर," सायसिंग म्हणाला. वळूनही बघितलं नाही त्याने. "एवढंसंच आहे. पुन्हा मारतो."

"लाइट कधी येईल सांगता येत नाही."

"येईल तेव्हा मारतो."

दादा उभाच होता. त्याचा डावा हात जरा पुढे आलेला होता, तो त्याने बघितला. आतून बाळाला थोपटता थोपटता वहिनीने विचारलं, "कोन उठनं?"

दादा खाली बसला.

"कोनीच नही," मी म्हटलं.

आम्ही तसेच बसून राहिलो. मी लसूण गोळा केला. लाइट बऱ्याच वेळाने आली. सायसिंगने पहिल्यापासून मारलं, मध्ये न थांबता, आणि शेवटचं बटण दाबलं. टीव्हीवर नाव आलं, त्याखाली गुण आणि त्याखाली इंग्रजीत पास. सायसिंगने ते पुस्तकात छापलेल्या उत्तराशी बोट ठेवून ताडून पाहिलं. मग पुन्हा चालवलं, पुन्हा तेच आलं. दादाने चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाला, "चहा ठेव." मी ठेवला.

दादा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. म्हातारा होऊन, दम्याने गेला. सायसिंग धडगावकडे शाळेत मास्तर झाला आणि आता पेन्शनीत आहे. वहिनी माझ्यापेक्षा थोडी मोठी, अजून स्वतःचं स्वतः करते. तिच्या मुलीला आता मुलं आहेत. पाट उचलला त्या दिवशी त्या घरात दादा, वहिनी, तिच्या पोटातली मुलगी, सायसिंग आणि मी एवढे होतो. सगळे वाचलो.